वीजबचत शिकवायला काय बरं: प्लगमधला वॉटमीटर की भिंतीवरचा मीटर?

१४ डिसेंबरचा ऊर्जा संवर्धन दिन जवळ आला की शिक्षकमंडळींत एकच विचारणा सुरू होते: चौथी-पाचवीच्या पोरांसाठी यंदा काय करायचं? चित्रं आणि घोषवाक्यं सगळ्यांची करून झालेली असतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची चित्रकला स्पर्धा २००५ पासून चालू आहे आणि ती चालू राहावीच, पण या तुलनेत मी ती घेतलेली नाही. एकच खंत सांगतो. दरवर्षी चित्रांत तोच तारेचा पिवळा बल्ब डोळ्यांतून पाणी काढत असतो, आणि काढणाऱ्या पोराने तसला बल्ब घरात कधी पाहिलेलाच नसतो.

मग उरतात दोन मार्ग, ज्यांत पोरांच्या डोळ्यांदेखत काहीतरी मोजलं जातं. पहिला म्हणजे ऑनलाइन मिळणारा छोटा वॉटमीटर: तो सॉकेटमध्ये खोचायचा, त्यात उपकरणाची पिन लावायची, आकडा दिसतो. दुसरा म्हणजे शाळेच्या व्हरांड्यात आधीपासून टांगलेला वीज कंपनीचा मीटर. मी दोन्ही वापरले आहेत, दोन्ही अजून वापरतो. माझी शाळा दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची आहे, हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचावं. मोठ्या शाळेत हिशेब थोडा बदलतो.

वॉटमीटरचं कौतुक आधी करतो, कारण ते त्याला मिळायलाच हवं. इस्त्री लावली की पडद्यावर थेट हजाराच्या घरातला आकडा येतो. पोरं "बापरे" म्हणतात न म्हणतात तोच इस्त्रीतला थर्मोस्टॅट (पुरेसं तापलं की वीज तोडणारा खटका) टक् करतो, दिवा विझतो आणि आकडा शून्यावर येतो. इस्त्री तर चालूच आहे, मग वीज का खात नाही? या एका प्रश्नावर अर्धा तास सहज जातो, आणि शेवटी सगळे कपडे एकत्र गोळा करून एका दमात इस्त्री का करावी इथपर्यंत पोरं स्वतःच पोहोचतात. सेट-टॉप बॉक्सची गंमतही अशीच. रिमोटने बंद केला तरी आकडा जवळपास होता तिथेच. टीव्ही काळा पडला म्हणजे सगळं झोपलं असं मानणाऱ्या पोरांना हे पटायला वेळ लागतो.

फ्रिजच्या बाबतीत तर त्याला तोडच नाही. फ्रिजच्या दारावर स्टार लेबल असतं, त्यावर वर्षाचे युनिट छापलेले असतात. समजा १८० लिहिलेत. म्हणजे दिवसाला साधारण अर्धा युनिट. वॉटमीटर एक दिवस-रात्र फ्रिजला लावून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी किती भरले ते बघायचं. पाचवीच्या पोरांना भागाकाराचं असं खरंखुरं उदाहरण पुस्तकात सापडणार नाही. कॉम्प्रेसर मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो, हेही कळतं. शिवाय या यंत्रावर व्होल्टेज दिसतं. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १९० वर घसरलं की हजार वॉटची इस्त्री सातशेच्या आतच घुटमळते. "म्हणून आई संध्याकाळी इस्त्री नको म्हणते" हा शोध एका चौथीतल्या मुलीचा, माझा नाही.

एवढं सगळं असूनही माझं मन त्याच्यावर बसलं नाही, त्याचं कारण एकच. छताच्या पंख्याला पिन नसते. ट्यूबला नसते. बोअरच्या मोटरीला तर आमच्याकडे थेट स्टार्टर आहे. शाळेत वीज जिथे जाते त्या तिन्ही जागांना हे यंत्र लावताच येत नाही. मग करायचं काय? घरून इस्त्री आणायची, कुणाच्या घरचा मिक्सर आणायचा, मोबाइलचा चार्जर लावायचा. वर्गात नसलेल्या वस्तू वर्गात आणून त्यांची वीज मोजायची आणि डोक्यावर दिवसभर फिरणाऱ्या पंख्याबद्दल काहीच बोलायचं नाही, हे मला फार खटकत राहिलं. पोरांच्या हातात जे बटण आहे ते पंख्याचं आणि ट्यूबचं. त्या बटणाचा आकडा दाखवता येत नसेल तर बाकीची करामत कितीही छान असो, ती जादूच्या प्रयोगासारखी होते. टाळ्या पडतात आणि संध्याकाळी पंखा तसाच चालू राहतो.

लहानसहान तक्रारी आणखी आहेत. नुसता खोचून ठेवलेला चार्जर माझ्या यंत्रावर शून्य दाखवतो. इतका बारीक भार त्याला कळत नसावा. पण पोरं त्यावरून "चार्जर राहू दे सर, काही होत नाही" असा निकाल लावून मोकळी होतात. गिझरची पिन १६ अँपिअरची जाड, ती त्यात बसत नाही. आणि कुणी अॅडॉप्टर लावून बसवायला निघालं तर कृपया करू देऊ नका. पिन लावणं-काढणं मोठ्यांनीच करायचं, त्यामुळे पोरांच्या वाट्याला फक्त बघणं येतं. अर्थात मीटरलाही हात लावायचा नसतोच, तेव्हा हा मुद्दा मी फार ताणत नाही.

आता भिंतीवरचा मीटर. त्याची पहिली ओळख चांगली होत नाही. पडद्यावरचे आकडे सारखे बदलतात: तारीख, वेळ, व्होल्टेज, करंट, मग कधीतरी युनिट. पोरांना वाचन घ्यायला सांगितलं की निम्म्या वह्यांत युनिटच्या जागी २३६ येतं, म्हणजे व्होल्टेज. शिवाय मीटर मोठ्या माणसाच्या उंचीवर. चौथीतलं पोर टाचा उंचावूनही आकडे वाचू शकत नाही, आणि बाकावर उभं करून त्याला मीटरपाशी न्यावं हे मला मान्य नाही. इथेच बरेच जण हा मार्ग सोडून देतात.

पण त्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. तो जमिनीवरून दिसतो. मीटरच्या पाटीवर एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार ते छापलेलं असतं. आमच्याकडे ३२०० आहे. कुठे १६००, कुठे आणखी वेगळं असेल, तेव्हा आपल्या पाटीवर काय आहे ते आधी बघून घ्यावं. ३२०० चा मीटर असेल तर जुना ७५ वॉटचा पंखा मिनिटाला ४ लुकलुक खातो आणि २० वॉटची एलईडी ट्यूब साधारण १. हे दोन आकडे इतके सरळ निघतात की तिसरीच्या पोरालाही बेरीज जमते. दोन पंखे, दोन ट्यूब: ८ आणि २, दहा. मोजा. एक मिनिट घड्याळ लावायचं आणि सगळ्यांनी मोठ्याने मोजायचं. दुपारचं ऊन व्हरांड्यात आलं असेल तर दिवा नीट दिसत नाही, तेव्हा कुणीतरी बाजूला उभं राहून वहीची सावली धरतं. या कामासाठी आमच्याकडे भांडणं होतात.

मग एक पंखा बंद. आता किती? सहा यायला हवेत, आणि येतात. पोरांचा चेहरा बघण्यासारखा होतो, कारण भाकीत त्यांनी केलेलं असतं आणि खरं ठरवलेलं असतं कंपनीच्या मीटरने. वॉट, किलोवॉट, तास हे काहीही न सांगता त्यांच्याकडे एक माप तयार होतं. "सर, ती ट्यूब किती लुकची?" अशा भाषेत पुढचे प्रश्न येतात. मोटर लावली की दिवा सेकंदाला एक अशा वेगाने पळायला लागतो. एक हॉर्सपॉवरची मोटर मिनिटाला पन्नासच्या आसपास जाते, आणि मोजणाऱ्यांचा गोंधळ उडतो. टाकी भरून पाणी अंगणात वाहत असतानाही मोटर चालू राहिली तर काय होतं, हे त्या दिवशी वेगळं शिकवावं लागलं नाही. आता टाकी वाहायला लागली की दोन पोरं आपणहून पळत येतात.

उलट बाजूही तितकीच मोलाची. सगळं बंद करून एकटा ९ वॉटचा एलईडी बल्ब लावला तर दिवा दोन मिनिटांत एकदाच लुकलुकतो. पोरं कंटाळतात, एकमेकांना ढकलायला लागतात, कुणीतरी "मीटर बंद पडला" म्हणतं. कंटाळू द्यावं. हजार वॉटची इस्त्री दहा मिनिटं सतत तापली तर जेवढी वीज जाते तेवढ्यात हा बल्ब साडेअठरा तास चालतो, हे त्या कंटाळ्यानंतर सांगितलं तर लक्षात राहतं. बल्ब बंद करू नका असं मी म्हणत नाहीये. पण वीजबचत म्हणजे फक्त बल्ब, ही चित्रांनी डोक्यात बसवलेली समजूत इथे सुटते. शक्य असेल तर एखाद्या खोलीत २८ वॉटचा बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरीचा) असलेला बरा. जुन्याच्या चार लुकलुकींना त्याच्या दीड, आणि वारा तेवढाच. छताच्या पंख्यांवर २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचं झालं आहे, तो विषय तिथून आपोआप निघतो.

या मार्गात एक खड्डा आहे आणि तो तांत्रिक नाही. मीटर म्हटलं की "घरचं रीडिंग रोज लिहून आणा आणि कुणाचे युनिट सर्वांत कमी ते बघू" हा गृहपाठ सुचतोच. माझं प्रामाणिक मत आहे की तो देऊ नये. वर्गात कुणाच्या घरी फ्रिज, कूलर, गिझर असतो, तर कुणाच्या घरी एक बल्ब आणि एक पंखा. सर्वांत कमी युनिट त्या दुसऱ्या घराचे येणार. त्याला आपण बचतीचं बक्षीस देणार म्हणजे नेमकं कशाचं? भाड्याच्या खोलीत घरमालकाचा सबमीटर असतो, कुठे दोन घरांत एक कनेक्शन असतं, आणि एखादं पोर भर वर्गात निरागसपणे सांगून मोकळं होतं की आमच्याकडे मीटर नाही, खांबावरच्या तारेवर आकडा टाकलाय. त्याच्या बापाला मग मान खाली घालावी लागते. शाळेचा मीटर सगळ्यांचा आहे, तिथे ही अडचण येत नाही. पाचवीत लाईट बिलाचे टप्पे शिकवायचे असतील (०-१००, १०१-३००, असे), तर शाळेने एक नमुना बिल काढून त्यावर गणितं घालावीत. शंभराच्या पुढचा युनिट महाग का, हा प्रश्न त्यातही येतो.

आता मीटर कुठे चालणार नाही तेही सांगतो. शहरातल्या मोठ्या शाळेत थ्री-फेज मीटर असतो. त्यावर वीस वर्ग, संगणक कक्ष, पाण्याचे कूलर. एक पंखा बंद केल्याने तिथे काहीही कळणार नाही. तिथे वॉटमीटरच बरा, आणि त्याला पिनवाला टेबलफॅन जोडून माझी तक्रार थोडीफार दूर करता येईल. सोसायटीत राहणारे पालक घरीच मुलांना शिकवू पाहत असतील तर मीटर तळमजल्यावरच्या खोलीत कुलपाआड असतो, वॉचमनकडे किल्ली मागत बसण्यापेक्षा वॉटमीटर सोपा. छतावर सौर पॅनेल आणि नेट मीटर (आत येणारी आणि बाहेर जाणारी, दोन्ही वीज मोजणारा) असेल तर भर दुपारी हा खेळ मांडू नये, कारण वीज बाहेर जातानाही दिवा लुकलुकतो आणि पंखा बंद केल्यावर तो उलट जोरात पळू शकतो. काही मीटरांवर भार शून्य झाला की दिवा सतत पेटलेला राहतो, हेही पोरांना आधी सांगून ठेवावं. मीटर उघड्यावर असेल तर पावसाळ्यात तिकडे पोरांना नेऊच नये. डिसेंबर त्या दृष्टीने सोयीचा. आणि थकबाकीपायी ज्या शाळेचं कनेक्शनच तोडलेलं आहे तिथे दोन्ही पर्याय बाद, तिथे बोलायचं ते वेगळंच.

दोन खोल्यांची शाळा, सिंगल-फेज मीटर, हाताशी एक मोबाइलचं घड्याळ, असं चित्र असेल तर माझा कल उघड आहे. आधी मीटर. पैसे लागत नाहीत म्हणून नाही, पंखा आणि ट्यूब त्यात येतात म्हणून. पोरांच्या हातात लुकलुकीचं माप एकदा आलं की मग वॉटमीटर आणला तर त्याचा आकडाही त्यांना बोलायला लागतो. उलट क्रमाने मी करून पाहिलं तेव्हा वॉटमीटरच्या मोठ्या आकड्यांपुढे मीटरचा बारीक दिवा त्यांना फिका वाटला. हा अनुभव माझ्या वर्गापुरता असेल, दुसऱ्या कुणाला वेगळं दिसू शकतं.

वॉटमीटर घ्यायचाच असेल तर प्रत्येक शाळेने वेगळा घेण्याची गरज मला वाटत नाही. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गटातल्या, शाळांनी मिळून एक घेतला आणि डिसेंबरात आळीपाळीने फिरवला तरी पुरतो, कारण फ्रिज आणि इस्त्री सोडली तर त्याचं काम दोन दिवसांत संपतं. घेताना मागे किती अँपिअर लिहिलेत ते बघा, आणि आकडे मागच्या बाकावरून वाचता येतील एवढे मोठे आहेत ना, तेही.