बहुविकलांग मुलासाठी विशेष शाळा की गृहाधारित शिक्षण?

सहा ते अठरा वयाच्या मुलाचं दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. तीव्र दिव्यांग मुलांसाठी घरी शिकण्याचा पर्याय 2012 मध्ये शिक्षण हक्क कायद्यात आला. तो पालकांनी निवडायचा आहे. ‘याला घरीच ठेवा’ हे शाळेनं सांगायचं नाही.

विशेष शाळा पाहायला जायचं तर डब्याच्या वेळी जा. थेरपी रूम सगळेच दाखवतात, पण खरी पारख जेवणात होते. मूल सीपी चेअरवर (सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीची आधार देणारी खुर्ची) काटकोनात बसलंय का, पाय टेकलेत का, हनुवटी किंचित खाली आहे का? मान मागे टाकून भरवलं की घास श्वासनलिकेत जायचा धोका वाढतो. पातळ पाणी तर घशात फार झपाट्याने उतरतं. जेवल्यावर आवाज घरघरीत होणं, वारंवार छाती भरणं ही त्याचीच खूण असू शकते. एक मावशी एका वेळी किती मुलांना भरवते, हेही मोजा. मग डायपर कुठे बदलतात ते बघा. बारा वर्षांच्या मुलाला उचलायला दोन माणसं लागतात आणि आडोसाही हवा.

प्रवास हा ठाण्यातला मोठा अडसर. घोडबंदर रोडच्या कोंडीत मूल तासभर वाकडं बसून आलं, तर सकाळची फिजिओ वाया जाते. गाडीत छातीचा पट्टा आणि सोबत मदतनीस आहे का, हे आधी विचारा.

गृहाधारित शिक्षणात विशेष शिक्षक ठरावीक दिवशीच येतात, म्हणून शिकवण्याचा बहुतेक भार घरच्यांवर पडतो. अंघोळ, कपडे, जेवण यांतूनच उद्दिष्टं ठरली तर ते उपयोगी पडतं. ‘शर्टाच्या बाहीत हात स्वतः घालेल’ असं उद्दिष्ट हवं. नुसती चित्रं रंगवून घेतली तर वर्ष हातचं जातं. शिवाय मुलाला सोबती मिळत नाहीत आणि आईला उसंत मिळत नाही.

आमचं मत स्पष्ट आहे. तब्येत स्थिर असेल आणि प्रवास पाऊण तासाच्या आत असेल, तर शाळाच. आकडी आटोक्यात नसेल, सारखा न्यूमोनिया होत असेल किंवा खुब्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर काही महिने घरी शिकवा, पण परतीची तारीख आधी ठरवून. शाळा सुरू करताना पहिले दोन आठवडे अर्धा दिवसच पाठवा.

नवी मुंबईकरांना वाशीचं महापालिकेचं ईटीसी हे दिव्यांगांसाठीचं केंद्र आणि खारघरचं एनआयईपीआयडी या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं केंद्र जवळ आहे. मूल्यमापन तिथे करून घ्या. प्रवेशाला जाताना यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि आकडीच्या वेळी काय करायचं याचा डॉक्टरांनी लिहिलेला कागद ठेवा. पाच मिनिटांवर चाललेली आकडी ही तातडीची बाब, हे त्यात ठळक असू द्या. निरामय या दिव्यांगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा अर्जही त्याच सुमारास करा. त्यात वर्षाला एक लाखापर्यंतच्या संरक्षणात थेरपीही येते.