सायप्रसच्या किनाऱ्यावर आधी भाड्याने राहिलो, मग घर घेतलं

लिमासॉलमध्ये जहाजांची व्यवस्था पाहणाऱ्या कंपन्यांची मोठी कार्यालयं आहेत, त्यामुळे भारतीय दर्यावर्दी कुटुंबांना हे शहर नवं नाही. नवऱ्याला तिथेच किनाऱ्यावरची नोकरी मिळाली आणि आम्ही शहरापासून साधारण 30 किलोमीटर पश्चिमेला, पिसूरीच्या उपसागराजवळ घर भाड्याने घेतलं. काही महिन्यांनी वरच्या गावात जुना फ्लॅट विकत घेतला. ज्यांच्या मनात असं काही आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट हिवाळ्याची. दलाल घर दाखवतात ते एप्रिल-मे मध्ये, आणि तेव्हा इथे कुणीही भुलेल. इथला पाऊस मात्र हिवाळ्यात पडतो आणि घरं बांधलेली असतात उन्हाळ्यासाठी: फरशा गार, भिंती गार, खिडकीच्या फटीतून वारा. जानेवारीत आमच्या भाड्याच्या घरात कपाटामागच्या भिंतीला ओल आली, तिच्यावर काळी बुरशी धरली आणि मागे टांगलेल्या सुती साड्यांना कुबट वास लागला. बाहेर ऊन असायचं आणि आत आम्ही स्वेटर घालून बसायचो. घर गरम करायला एसी लावावा लागतो आणि वीज महाग आहे, कारण बेटाची वीज मुख्यतः बाहेरून आणलेल्या इंधनावर चालते. गच्चीवरच्या सौर बंबांमुळे उन्हाच्या दिवसांत अंघोळीच्या पाण्याचा प्रश्न येत नाही, एवढा दिलासा. म्हणून घ्यायचं ते घर हिवाळ्यात पाहाच, आणि कपाटं सरकवून पाहा.

दुसरी गोष्ट जमिनीची, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पिसूरीतच लिम्नेस नावाचा भाग आहे. तिथली जमीन भूस्खलनामुळे सरकते आहे. आम्ही पायी फिरून आलो: रस्त्याला आडव्या भेगा, कुंपणाची भिंत एका बाजूला कललेली, घराच्या पायरीत आणि दारात अंतर पडलेलं. समोर तोच निळा समुद्र. तिथल्या लोकांनी आयुष्यभराची पुंजी घालून घरं घेतली होती. कितीतरी जणांना ती सोडावी लागली. त्या दिवसापासून मी दलालाला समुद्राबद्दल काही विचारलं नाही, खाली कोणती माती आहे ते विचारलं. उतारावरचं घर घ्यायचं असेल तर स्वतंत्र अभियंता लावा, विक्रेत्याने सुचवलेला नको.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. इथल्या मालकीच्या दाखल्याला स्थानिक लोक कोचान म्हणतात. सायप्रसमध्ये हजारो लोकांनी पूर्ण पैसे भरले, घरात राहायलाही गेले, पण कोचान मिळालं नाही, कारण बांधकाम व्यावसायिकाने ती जमीन आधीच बँकेकडे गहाण टाकली होती. अशा अडकलेल्या खरेदीदारांसाठी 2015 मध्ये कायदा करावा लागला. आपल्याकडे सातबारा पाहिल्याशिवाय कुणी इसार देत नाही, इथेही तसंच वागा. करार झाला की तो लगेच भूमी नोंदणी कार्यालयात दाखल करायचा, म्हणजे नंतर कुणाला ते घर परस्पर विकता येत नाही. वकील आपला स्वतःचा हवा. आम्हाला एका वकिलाने विक्रेत्याचंही काम आपणच पाहतो असं सांगितलं, तेव्हा तिथूनच उठलो.

युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना खरेदीसाठी सरकारची परवानगी लागते. ती सहसा मिळते, पण वेळ खाते. नव्या घरावर 19 टक्के व्हॅट लागतो. हस्तांतरण शुल्क 85,000 युरोपर्यंत 3 टक्के, तिथून 1,70,000 पर्यंत 5 आणि पुढे 8. व्हॅट न लागणाऱ्या जुन्या घराला हे निम्मं होतं. आम्ही जुनं घर घेतलं त्याचं हेही एक कारण.

उत्तर सायप्रसमधली स्वस्त घरं जाहिरातींत दिसतील. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. 1974 च्या तुर्की आक्रमणानंतर तिथून ग्रीक सायप्रसवासीयांना घरंदारं सोडून पळावं लागलं. त्यांच्या जमिनींवर नंतर बांधकामं झाली. अशाच एका प्रकरणात 2009 मध्ये युरोपीय न्यायालयाने मूळ मालकाच्या बाजूने कौल दिला. कायद्याचं सोडा, घरातून हाकललेल्या माणसाच्या अंगणात मला झोप लागणार नाही.

राहायला म्हणाल तर मी इथे खरंच सुखी आहे. गाडी डावीकडून चालते, प्लग तीन पिनांचे, इंग्रजीवर भागतं. शेजारच्या आजी हातात लिंबं आणि घरचं हलूमी चीज ठेवतात, मी त्यांना पोहे करून देते. सुट्टीच्या संध्याकाळी क्यूरिओनच्या प्राचीन नाट्यगृहात वरच्या पायरीवर बसलं की खाली थेट समुद्र दिसतो, आणि गर्दी ओसरलेली असली तर तास कसा जातो कळत नाही. उन्हाळ्यात पाण्याची काळजी असते; 2008 मध्ये तर ग्रीसहून जहाजाने पाणी आणावं लागलं होतं. अधूनमधून वाळवंटाकडून धूळ येते आणि वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात.

भारतात राहून घ्यायचं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत माणशी वर्षाला 2,50,000 डॉलरपर्यंत पाठवता येतात. नवरा-बायको मिळून घेत असाल तर दोघांचे पैसे ज्याच्या त्याच्या खात्यातून जाऊ द्या आणि बँकेचे कागद करारासोबत एकाच फायलीत लावा. आमच्या वकिलाने सगळ्यात आधी तीच फाईल मागितली होती.