वंशावळीचं ॲप, आठ महिने: पिंगळे, पिंगले आणि ‘पिता’ नावाचे तीन पुरुष

इंदूरच्या जुन्या घरातली ट्रंक गेल्या दिवाळीत उघडली, आजोबांचे कागद निघाले, आणि त्याच उत्साहात मी वंशावळीच्या एका ॲपची वर्षाची वर्गणी भरून मोकळा झालो. आठ महिन्यांत 63 माणसं भरली. ॲपचं नाव मुद्दाम देत नाही. मराठी नावं घेऊन कुठल्याही ॲपमध्ये शिरलात तरी हेच होणार आहे.

पहिला फटका आडनावाचा. आम्ही पिंगळे, पण इथल्या जन्ममृत्यूच्या दाखल्यांवर झाडून सगळे पिंगले. हिंदीत ळ नाही. खिडकीवरच्या बाबूला विचारलं तर म्हणाला, “भिया, ये अक्षर अपने यहाँ चलता ही नहीं.” त्याचंही खरंच. विमानतळाच्या पाटीवर खुद्द होळकरांचे होलकर झाले, तिथे आमचा काय पाड! ॲपला मात्र ळ निराळा, ल निराळा. एक आडनाव टाकलं की निम्मं घराणं गायब.

मग पहिले दोन महिने मी बसून सगळ्यांना पिंगळे ‘करून’ टाकलं. तीच माझी घोडचूक. पुढे एकेक नक्कल हाती आली तेव्हा कोणती नोंद कुठल्या कागदावरून घेतली होती, याचा पत्ताच लागेना. आता ‘इतर नावे’ या रकान्यात कागदावर आहे तसंच लिहितो, काना-मात्रेसकट. सोबत कागदाचं साल आणि खबर कोणी दिली ते. हे शेवटचं फार कामाचं. आजोबांचं नाव दत्तात्रय, मृत्यूच्या नोंदीत ‘अन्नाजी’. खबर देणारे शेजारी होते. त्यांनी जन्मभर अण्णाच ऐकलेलं, आणि लिहिणाऱ्याने ण चा न केला. चुकीच्या नावावरून त्या दिवशी खिडकीशी कोण उभं होतं ते कळलं.

बायकांच्या नोंदींत तर पार भोवळ येते. देवासला जन्मलेली द्वारका आणि इंदूरला वारलेली सुशीला, दोघी दत्तात्रयाच्या बायका म्हणून मी शेजारी शेजारी टाकल्या. आत्याने फोनवर झाड पाहिलं आणि कडाडली, “माझ्या आईला सवत आणलीस काय रे?” लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेलं नाव मी विसरलोच होतो. ॲपने मात्र ‘या दोघी एकच असाव्यात का?’ असं एकदाही विचारलं नाही. वडिलांचं नाव वेगळं, आडनाव वेगळं, गाव वेगळं. यंत्र तरी काय करणार. माहेरच्या नावाचा रकाना आहे, पण तो आडनावापुरता. पहिलं नावच बदलतं हे त्याच्या गावी नाही.

आता ‘पिता’ची गोष्ट. माळव्यात नाव लिहितात ‘रमेश पिता गणेश’. पुण्याच्या चुलतभावाने मदत म्हणून काही दाखले भरले आणि मधलं नाव म्हणून ‘पिता’ टाकलं. आमच्या झाडात ‘पिता’ मधल्या नावाचे तीन पुरुष महिनाभर नांदत होते.

तारखेचा घोळ वेगळाच. घरी आजोबांचं श्राद्ध कार्तिक वद्य अष्टमीला, ट्रंकेतल्या हिंदी शोकपत्रिकेवर मार्गशीर्ष कृष्ण 8. महिन्याचा फरक, म्हणून मी एक कागद खोटा धरला. दोन्ही खरे निघाले. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. वद्य पक्षात त्यांचं महिन्याचं नाव एक पाऊल पुढे असतं. शके 1880, संवत 2015, दोन्हींचा हिशेब डिसेंबर 1958 लाच येतो. ॲपमध्ये तिथी लिहायला जागा नाही, ती मी टिपणात कोंबतो.

जुन्या जन्मनोंदीत नाव शोधणाऱ्यांना एक सांगतो: बारशाआधी खबर दिलेली असली तर तिथे नुसतं ‘पुत्र’ किंवा ‘कन्या’ असतं. बापाच्या नावाने आणि मोहल्ल्याने शोधा.

दाखलाच दुरुस्त करून घ्यावा का, असं दोघांनी विचारलं. पासपोर्ट-वारसाहक्कासाठी लागत असेल तर जरूर घ्या. 1969 च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याचं कलम 15 मला फार आवडलं: निबंधकाने मूळ नोंदीला हात न लावता समासात दुरुस्ती लिहायची, सही करायची, तारीख घालायची. ॲपवाल्यांना हे कळवलं, कारण तिथे नाव बदललं की जुनं पुसलं जातं. उत्तर अजून आलेलं नाही.

पाचपैकी तीन तारे. वर्गणी पुन्हा भरणार आहे, ती ‘इतर नावे’ या एका रकान्यासाठी. आजीच्या तिथे आता चार नावं आहेत. आत्या म्हणते पाचवं राहिलं, तिला माहेरी बकुळ म्हणायचे.