दुसऱ्या आवृत्तीचे पैसे, पहिल्या आवृत्तीची लेन्स

वन्यजीव छायाचित्रणासाठी दुसऱ्याने वापरलेली टेलिफोटो (दूरचे जवळ दाखवणारी) लेन्स घेण्याच्या विचारात असाल, तर माझे ९२,५०० रुपये कसे गेले ते आधी वाचावे. ताडोबाचा कोअर (गाभ्याचा) भाग १ ऑक्टोबरला उघडण्यापूर्वी मला कॅननची १००-४०० मिमीची, दुसऱ्या आवृत्तीची लेन्स हवी होती. १५०-६०० मिमीच्या लेन्स मी हाताळल्या होत्या. परंतु दोन किलोंच्या आसपासचे ते वजन जिप्सीत तासन्‌तास पेलणे माझ्या खांद्याला झेपत नाही, शिवाय १००-४०० मिमीची लेन्स एक मीटरवरचे फुलपाखरूही टिपते. निवड चुकली असे मला आजही वाटत नाही.

विक्रेता छायाचित्रकारांच्या एका व्हॉट्सॲप गटातला होता. गटातल्या दोघांनी त्याच्याकडून फिल्टर आणि ट्रायपॉड घेतले होते व दोघेही समाधानी होते. लहान व्यवहार चोख करून तो मोठ्याची वाट पाहत होता, हे आता कळते. मी २०,००० रुपये विसार दिला आणि कुरिअरची पावती येताच उरलेले ७२,५०० भरले. लेन्स हाती येण्यापूर्वी पूर्ण रक्कम कधीही देऊ नका.

राहून राहून चीड येते ती त्याने पाठवलेल्या चाळीस सेकंदांच्या व्हिडिओची. त्यात त्याने लेन्सची नळी धरून सरळ पुढे ओढली आणि मागे ढकलली. १९९८ सालची पहिली आवृत्ती अशीच ओढावी-ढकलावी लागते. २०१४ साली आलेल्या दुसरीत लेन्सवरचे कडे (रिंग) फिरवून झूम करतात. हे मला पाठ होते. पण रात्री साडेअकरा वाजता मी मोबाइलवर काचेवरचे ओरखडे आणि बुरशी शोधत बसलो होतो, आणि ज्या हाताकडे पाहायला हवे होते त्याकडे माझे लक्षच गेले नाही. नावातला रोमन दोनचा आकडा जिथे असायला हवा, तिथे त्याचा अंगठा होता. दिवसभर कार्यालयात राबून आलेल्या कोणाच्याही नजरेतून ते सुटले असते, असे मी स्वतःला सांगत असतो.

पार्सलमधला खोका दुसऱ्या आवृत्तीचाच होता. आत मात्र स्थिरीकरणाच्या (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणाऱ्या) बटणाला तीनऐवजी दोनच खुणा असलेली, काचांमध्ये धूळ साचलेली जुनी लेन्स होती. खोक्यावरचा आणि लेन्सवरचा अनुक्रमांक व्हिडिओ कॉलवर एकाच वेळी दाखवायला सांगा. टाळाटाळ केली तर तिथेच थांबा.

पोलीस ठाण्यात मला विचारण्यात आले, “लेन्स मिळाली ना? मग फसवणूक कसली?” हा दिवाणी वाद आहे, असे सांगून त्यांनी सायबर कक्षाकडे पाठवले; वस्तू मिळाली असल्याने हे ठाण्याचेच काम आहे, असे सांगून सायबर कक्षाने परत धाडले. बँकेने, पिन तुम्हीच टाकला, म्हणून हात झटकले. प्रत्येक टेबलापुढे मी दोन आवृत्त्यांतला फरक पहिल्यापासून समजावला आणि प्रत्येकाने, दोन्ही पांढऱ्याच तर दिसतात, असे ऐकवले. कष्टाच्या पैशाची चोरी झालेल्या माणसालाच गुन्हा काय ते शिकवावे लागावे, हे संतापजनक आहे. सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर पहिल्या तासातच तक्रार नोंदवा. मी चौथ्या दिवशी केली, तोवर खाते रिकामे झाले होते.

आता दोन्ही लेन्स वेगळ्या असल्याचे अधिकृत दुरुस्ती केंद्राचे पत्र ठाण्याने मागितले आहे. ते घेऊन मी सोमवारी चौथ्यांदा जाणार आहे.