४५० हेली किट : उडवण्याआधी उघडा

खोक्यावर ‘रेडी टू फ्लाय’ छापलेलं असलं, तरी रिमोटवर उडणारं हे छोटं हेलिकॉप्टर खोक्यातून थेट मैदानात नेण्याचं नाही. अलाइन कंपनीच्या टी-रेक्स ४५० या मॉडेलवर बेतलेली ही विनाब्रँड किटं मूळ मॉडेलपेक्षा बरीच स्वस्त पडतात. स्वस्ताईची किंमत जोडणीत वळती केलेली असते. धातूचे भाग बहुतेक वेळा ठीक निघतात, पण स्क्रू ढिले असतात, लिंक (सर्वो आणि पाती जोडणाऱ्या काड्या) आवळलेल्या असतात आणि तोल सांभाळणाऱ्या गायरोची दिशा देवाच्या भरवशावर सोडलेली असते. दोन संध्याकाळी बसून सगळं पुन्हा जुळवायची तयारी असेल तर माल पैसावसूल आहे. ती नसेल तर घेऊ नका.

आत मिळतं ते असं: ३२५ मिमीची पाती, १२० अंशांची स्वॅशप्लेट (पात्यांचा कोन बदलणारी कलती तबकडी) आणि तिला हलवणाऱ्या तीन छोट्या मोटरी म्हणजे सर्वो, शेपटीला चौथा सर्वो, ३५०० केव्हीची (व्होल्टमागे मिनिटाला ३५०० फेरे) ब्रशलेस मोटर, तिचा वेग सांभाळणारा ४० अँपिअरचा ईएससी, फ्लायबारलेस (तोलाच्या दांडीशिवाय चालणारा) गायरो. बॅटरी वेगळी घ्यावी लागते, ३एस म्हणजे तीन सेलची, २२०० एमएएच लिपो. पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) १३ दात्यांचा आणि मुख्य गिअर १५० दात्यांचा, म्हणजे साधारण ११.५ पट घट. ११.१ व्होल्टला मोटर कागदावर मिनिटाला ३८,८५० फेरे घेते. भार आणि थ्रॉटल धरून वरच्या मुख्य पात्यांना २६००च्या आसपास फेरे मिळतात. एवढ्या फेऱ्यांना पात्याचं टोक ताशी सुमारे ३५० किलोमीटरने फिरतं. त्यामुळे १० मीटरच्या आत कुणी नको, आणि दिवाणखान्यात ‘जरा चालू करून बघू’ तर मुळीच नको.

किटचा जीव स्वॅशप्लेटमध्ये आहे. तिन्ही सर्वो एकत्र वर गेले की दोन्ही पात्यांचा कोन सारखाच वाढतो आणि हेली वर चढते. सर्वो कमीजास्त हलले की प्लेट कलते, आणि प्रत्येक पातं फेरीच्या एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी कोन घेतं. फिरत्या चकतीवर दिलेल्या जोराचा परिणाम सुमारे ९० अंश पुढे दिसतो. म्हणून पुढे झुकायचं तर पात्याचा कोन मागच्या बाजूला नाही, पाव फेरी आधीच वाढवावा लागतो. जुहूहून मुंबई हायच्या तेलफलाटांवर माणसं नेणाऱ्या पवनहंसच्या हेलिकॉप्टरांतही तत्त्व हेच. साध्या ड्रोनमध्ये पात्यांचा कोन ठरलेला असतो, सगळा खेळ मोटरच्या वेगाचा. फोटो काढायचे असतील तर ड्रोनच घ्या. हेलिकॉप्टर कसं उडतं हे हाताला कळायला हवं असेल तर हे किट.

आता उघडायला घ्या. एम२ स्क्रूंना १.५ मिमी आणि एम२.५ना २ मिमीचा हेक्स लागतो. तो चांगल्या पोलादाचा घ्या, किटसोबत आलेला पहिल्याच दिवशी गोल होतो. धातूत जाणारा प्रत्येक स्क्रू काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या डिंकाचा) टिपका देऊन बसवा. प्लॅस्टिकला थ्रेडलॉक लावू नका, तडकतं. बॉल लिंक स्वतःच्या वजनाने खाली पडायला हवी. अडकत असेल तर सर्वो तापतो, गायरोला बारीक दुरुस्त्या करता येत नाहीत आणि हेली हवेत डुलत राहते. पिनियन आणि गिअरमध्ये कागदाची पट्टी घालून फिरवा. पट्टीवर वळ्या पडाव्यात, ती फाटू नये. घट्ट बसवलं तर गिअर ओरडतो, सैल बसवलं तर दाते जातात.

मग पिच गेज, म्हणजे पात्यांचा कोन (पिच) मोजायचं साधन. ट्रान्समीटरची स्टिक मध्यावर, स्वॅशप्लेट समतल, पात्यांचा कोन शून्य. शिकताना वर १० आणि खाली उणे ३ अंश पुरे, उलटं उडवण्याच्या गोष्टी नंतर.

बरीच किटं मोडतात ती गायरो उलटा असल्यामुळे, आणि तो तपासायला मिनिटही लागत नाही. मोटरच्या वायरी काढून ठेवा. हेली हातात धरून नाक पुढे झुकवा, स्वॅशप्लेट मागे कलली पाहिजे. नाक डावीकडे वळवा, शेपटीच्या सर्वोने नाक उजवीकडे आणणारी हालचाल केली पाहिजे. उलटं झालं तर गायरोच्या मेनूतली दिशा बदला. ट्रान्समीटरमधला सर्वो रिव्हर्स फिरवून हे सुटत नाही. उलट्या गायरोची हेली उचलताच भोवऱ्यासारखी फिरते किंवा आडवी होते, आणि खर्चाची यादी तयार.

पहिली उडाण सकाळी करा, ठाणे-नवी मुंबईत दुपारी खाडीकडून वारा सुटतो. एका पात्याच्या टोकाला रंगीत टेप लावून डोळ्याच्या उंचीवर बघा. दोन्ही टोकं एकाच रेषेत दिसली पाहिजेत. वर-खाली दिसली तर एका लिंकला अर्धा फेरा द्या. उतरताना सरळ खाली येऊ नका, थोडं पुढे सरकत या. स्वतःच्याच खाली ढकललेल्या हवेत हेली शिरली की उचल कमी होते आणि पिच वाढवूनही ती बसतच जाते. हेली पाच मिनिटांत उतरवा, बॅटरी सेलमागे ३.५ व्होल्टच्या खाली जायला नको. चार्ज २.२ अँपिअरने करा, ठेवून द्यायची असेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर. मे महिन्यात बंद गाडीत राहिलेली लिपो फुगते.

जागेचं बघा. बॅटरीसकट वजन २५० ग्रॅमच्या बरंच वर जातं, त्यामुळे ड्रोन नियम २०२१ मधल्या नॅनो वर्गाची सवलत नाही. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा उघडा. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून उलवे, बेलापूर भागात परवानगीशिवाय उडवायची सोय उरलेली नाही. पोलिसांचा मनाई आदेश असेल तर ठाणे शहरातही नाही. ठाण्यालगतचं येऊरचं जंगल आणि खाडीतले फ्लेमिंगो, दोघांनाही सोडा.

किटबरोबरच दोन मुख्य गिअर, तीन फेदरिंग शाफ्ट (ज्यावर पाती कोन बदलतात तो दांडा), दोन जोड फायबरची पाती आणि शेपटीची पाती मागवा. किरकोळ पडझडीनंतरही शाफ्ट काचेवर लोळवून बघा. किंचित उड्या मारत असेल तर फेकून द्या, सरळ करायला जाऊ नका. पावसाळ्यात बेअरिंगना गंज चढतो, म्हणून हेली झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. ऑक्टोबरात पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा आधी वन-वे बेअरिंग हाताने फिरवून बघा. मोटर बंद पडल्यावर पाती मोकळी फिरती ठेवून हेली हळूच उतरवायची सोय त्याच एका भागावर असते.