‘नोस्फेरातू’ बघताना उजेडाकडे लक्ष द्या

रॉबर्ट एगर्सचा ‘नोस्फेरातू’ हा रक्तपिपासू पिशाच्चाचा भयपट भारतात १० जानेवारी २०२५ ला लागला. सांगलीत त्याच्या वाट्याला रात्रीचा एकच खेळ आला. मी तो पाहिला, नंतर पुण्यात मोठ्या पडद्यावर परत पाहिला आणि मग जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊचा १९२२ चा मूळ मूकपट काढून बसलो. मी हौशी रंगभूमीवर प्रकाशयोजना करतो. राज्य नाट्य स्पर्धेत सेट उभा राहिल्यावर हातात उरलेल्या तासा-दीड तासात दिवे फोकस करायची सवय लागली, की कुठलाही प्रसंग बघताना आधी दिवा कुठे लावलाय तेच दिसायला लागतं. या दोन चित्रपटांना अशा नजरेने बघणं भागच आहे. दोघांचीही भीती उजेडातून उभी केलेली आहे, आणि दोघेही बहुतेकांपर्यंत चुकीच्या उजेडात पोचतात.

जुन्यापासून सुरुवात करतो. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ कादंबरी १८९७ ची. बर्लिनच्या ‘प्राना फिल्म’ कंपनीने तिच्यावर चित्रपट काढला, पण हक्क घेतले नाहीत. ड्रॅक्युलाचा काउंट ओर्लोक केला, लंडनच्या जागी विसबोर्ग नावाचं काल्पनिक जर्मन गाव आणलं, काळ १८३८ चा धरला आणि मार्च १९२२ मध्ये चित्रपट दाखवायला सुरुवात केली. स्टोकरची विधवा फ्लोरेन्स कोर्टात गेली. कंपनीचं तोवर दिवाळं निघालेलं होतं. १९२५ मध्ये कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. काही प्रती तोवर देशाबाहेर गेल्या होत्या, म्हणून आज आपण हा चित्रपट बघू शकतो.

ज्या अवस्थेत बघतो, तिथेच खरी अडचण आहे. इंटरनेटवर फुकटात मिळणाऱ्या बहुतेक प्रती निव्वळ काळ्या-पांढऱ्या आहेत. माझ्याबरोबर लाइट बोर्डवर बसणाऱ्या पोराने तशीच एक प्रत मोबाइलवर पाहिली आणि मला म्हणाला, “दादा, हा तर भर दुपारी फिरतोय की! उन्हानं मरतो म्हणत्यात ना?” त्याचं बरोबर होतं. ओर्लोक स्वतःची शवपेटी बगलेत मारून गावातून चालतो, तेव्हा भिंतींवर लख्ख ऊन दिसतं. त्या काळच्या फिल्मवर रात्रीचं बाहेरचं चित्रीकरण जवळजवळ अशक्य होतं. मुर्नाऊने रात्रीचे प्रसंग दिवसाच घेतले आणि प्रत काढताना फिल्म रंगात बुडवली. रात्र निळी, दिव्याच्या उजेडातली खोली पिवळी, पहाट गुलाबी. हा रंग काढून टाकला की गोष्टीचा कणाच मोडतो. उन्हाने पिशाच्च मरतं ही कल्पना मुळात याच चित्रपटाची आहे. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाउजेडी लंडनमध्ये फिरतो, फक्त तेव्हा त्याची ताकद कमी असते. म्हणजे जगभरच्या भयपटांनी जो नियम पुढे शंभर वर्षं पाळला, तो जिथे जन्मला तिथेच रंग उडाल्यामुळे कळेनासा झालाय.

आपल्याकडे नाटकात दिव्यापुढे निळी जिलेटीन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावली की प्रेक्षक रात्र मानतो. कोणी विचारत नाही, चांदणं इतकं निळं कसं. बर्लिनचा १९२२ चा प्रेक्षकही असाच मानत होता. म्हणून मूकपट बघायचाच असेल तर रंगवलेली, मुर्नाऊ प्रतिष्ठानने दुरुस्त केलेली प्रत शोधा. ती साधारण दीड तासाची आहे. तिच्यावर हान्स एर्डमानने या चित्रपटासाठी लिहिलेल्या संगीताची पुन्हा जुळवलेली आवृत्ती आहे. मूळ संगीताचा बराच भाग हरवलाय, त्यामुळे इतर प्रतींवर ज्याने त्याने आपापलं काहीही चिकटवलंय. काही ठिकाणी तर सिंथेसायझरचा नुसता गोंगाट आहे. तशी प्रत हाती आली तर आवाज बंद करून बघितलेली बरी.

आता ती सावली. ओर्लोक जिना चढतो आणि आपल्याला भिंतीवर फक्त त्याची सावली दिसते. वाकलेली पाठ, लांब बोटं. दारापाशी आल्यावर हात पुढे होतो आणि बोटं आणखी लांबत जातात. पुढे त्याच हाताची सावली एलेनच्या, म्हणजे ओर्लोकला घर विकायला गेलेल्या हुटरच्या बायकोच्या, छातीवर सरकते, तिथे मूठ आवळते आणि ती कळवळते. स्पर्श कुठेच नाही. असं करायला एकच कडक दिवा खाली, माणसाच्या जवळ ठेवावा लागतो. माणूस दिव्याजवळ सरकला की सावली वाढते. दिव्याचं तोंड जितकं लहान, तितकी तिची कड धारदार. आज आमच्याकडे शंभर दिवे असतात, सगळीकडून भरून घेतो, आणि एकही सावली धड पडत नाही. नाटकवाल्यांनी तरी हा जिना लक्ष देऊन बघावा. ओर्लोक झालेला माक्स श्रेक अख्ख्या चित्रपटात दहाएक मिनिटांच्या वर दिसत नाही, तरी संपल्यावर सगळीकडे तोच होता असं वाटतं. त्यात या सावलीचा मोठा वाटा आहे.

बाकी जुन्या चित्रपटातल्या सगळ्याच गोष्टी टिकलेल्या नाहीत. भुताची घोडागाडी जलद गतीने पळते तेव्हा आज ती खेळण्यासारखी वाटते. हुटर झालेला नट हातवारे फार करतो. सराईचा मालक लांडगा-माणसाचं भय घालतो आणि पडद्यावर येतं ते तरस. रानात तरस पाहिलेल्या आपल्याकडच्या माणसाला ते ओळखू येणारच. पण प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना माशी गिळणारं झाड दाखवतो, तो छोटा तुकडा मला फार आवडतो. पिशाच्च निसर्गाबाहेरचं नाही, निसर्गातही असंच चालतं, हे एका झाडात सांगून टाकलंय. आणि जर्मनीतल्या विस्मार, ल्युबेक या गावांच्या खऱ्या गल्ल्या, स्लोव्हाकियातला ओरावाचा किल्ला. स्टुडिओ आणि रंगवलेल्या पडद्यांच्या त्या जमान्यात मुर्नाऊ कॅमेरा घेऊन बाहेर पडला. ओर्लोक विकत घेतो ती पडकी इमारत म्हणजे ल्युबेकमधली मिठाची जुनी कोठारं. ती आजही उभी आहेत.

एगर्सने हे सगळं पचवून चित्रपट केलाय. जेरिन ब्लाश्केचं छायालेखन ३५ मिमी फिल्मवर आहे. रात्रीच्या दृश्यांतून रंग इतका शोषून घेतलाय की ती काळी-पांढरी वाटावीत, आणि आतल्या खोल्यांत मेणबत्ती आणि शेकोटीचा खरा पिवळा जाळ. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची निळी-पिवळी वाटणी तशीच, फक्त आता ती बाहेरून बुडवलेली नाही. हुटर बर्फातल्या चौकात एकटा उभा असतो आणि झाडांच्या बोगद्यातून गाडी येते, गाडीवान नाही. त्या प्रसंगाला मी दोन्ही वेळा खुर्चीत पुढे सरकलो. कॅमेरा घाई करत नाही. तो हळूच वळतो आणि वळून थांबतो तिथे आधी नसलेलं काहीतरी असतं. ओर्लोकच्या पंजाची सावली अख्ख्या विसबोर्गच्या छपरांवरून सरकते, तो जुन्या जिन्याला केलेला थेट नमस्कार आहे.

हे सगळं दिसायला पडद्यावर पुरेसा उजेड पडायला हवा. डिजिटल सिनेमासाठी ठरलेलं प्रमाण १४ फूट-लॅम्बर्टचं (पडद्याचा उजेड मोजायचं माप) आहे. प्रोजेक्टरचा दिवा म्हातारा झाला असेल, किंवा थ्रीडीचं भिंग पुढ्यातून काढलेलं नसेल, तर त्याच्या निम्माही उजेड पडद्यावर पोचत नाही. मी पहिल्यांदा पाहिला तिथे नेमकं असंच होतं. वाड्यातल्या प्रसंगात ओर्लोक कोपऱ्यात बसलाय हे कळायला त्याचा श्वास ऐकावा लागत होता, शेजारी बाहेर जायच्या दाराचा हिरवा दिवा मात्र झगझगत होता. पुण्यात तोच प्रसंग पाहिला तेव्हा काळ्यातले चार थर दिसले. टोपीची कड, फरचा कोट, मागची भिंत, तिच्यावरची ओल. घरी बघणार असाल तर खोलीतले दिवे बंद करा, टीव्हीचं चित्र सिनेमाच्या सेटिंगला घाला, आणि फोनवर अजिबात बघू नका.

उजेडाखेरीज मला सर्वांत जास्त पटलं ते एलेनचं काम. १९२२ मध्ये ग्रेटा श्रोडरची एलेन खिडकीपाशी वाट बघते, पुस्तक वाचते आणि शेवटी स्वतःला देऊन टाकते. लिली-रोझ डेपची एलेन पहिल्या दृश्यापासून गोष्टीचं केंद्र आहे. एकटेपणात तिनेच कोणाला तरी हाक मारली होती आणि ज्याने ओ दिली तो हा निघाला. तिला झटके येतात तेव्हा अंग कमान होतं, डोळे पांढरे होतात. हालचालींसाठी जपानी बुतो नृत्याची तालीम घेतलेली होती, आणि ते शरीर खरोखर कोणा दुसऱ्याच्या ताब्यात गेल्यासारखं दिसतं. आपल्याकडे बाईच्या अंगात येतं तेव्हा लोक निदान विचारतात, काय मागणं आहे. इथले डॉक्टर तिला गुंगीचं ईथर देतात, पलंगाला बांधतात, झोपतानाही कंबर आवळणारं कॉर्सेट घट्ट बांधायला सांगतात. तिचं ऐकून घेणारा एकच माणूस येतो, विल्यम डफोचा फॉन फ्रांझ. डफोने ‘शॅडो ऑफ द व्हॅम्पायर’ या २००० सालच्या चित्रपटात माक्स श्रेकचीच भूमिका केली होती. हे माहीत असलं की त्याला पिशाच्चामागे दिवा घेऊन फिरताना बघण्यात वेगळी मजा येते.

ओर्लोकबद्दल मात्र मन पूर्ण भरलं नाही. बिल स्कार्सगार्डने आवाज पोटातून काढलाय, त्यासाठी ऑपेरा गाणाऱ्या शिक्षिकेकडे तालीम केली, आणि तो आवाज थिएटरच्या जमिनीतून येतो असं वाटतं. झुपकेदार मिशी, फरचा कोट, कुजत चाललेला जुना सरदार हा विचारही योग्य आहे. पण उत्तरार्धात तो इतक्या वेळा, इतक्या जवळून आणि इतक्या मोठ्या आवाजात येतो की दहशत पातळ होते. श्रेकने उंबरठ्यावर नुसतं उभं राहून जे केलं, त्यासाठी इथे रक्त, मांस आणि घरघर लागते. एलेन ज्यांच्या घरी राहते त्या हार्डिंग कुटुंबाचा भागही ताणलाय. १३२ मिनिटांतली पंधरा सहज काढता आली असती. शेवट मात्र जमलाय. काय होणार हे शंभर वर्षांपासून ठाऊक असूनही, पहाटेचा उजेड खिडकीतून चढत येतो आणि अंगावर लायलॅकची फुलं दिसतात, तेव्हा भीती मागे पडून दुःखच उरतं.

मधल्या काळातला वेर्नर हेर्झोगचा १९७९ चा चित्रपटही राहू देऊ नका. तोवर कादंबरीचे हक्क खुले झाले होते, म्हणून त्याने ड्रॅक्युला हे नाव परत आणलं. क्लाउस किन्स्कीचं पिशाच्च थकलेलं आहे, त्याला मरण येत नाही हेच त्याचं दुःख. हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या चौकात उंदरांच्या गराड्यात टेबल मांडून जेवायला बसलेले लोक मी विसरू शकत नाही.

एगर्सच्या ‘नोस्फेरातू’नंतर आलेल्या अशा चित्रपटांपैकी रायन कूग्लरचा ‘सिनर्स’ (एप्रिल २०२५) मोठ्या पडद्यावरच बघावा असा आहे. १९३२ ची मिसिसिपी, ब्लूज संगीत आणि आत येण्याआधी परवानगी मागणारी पिशाच्चं. गाण्याच्या त्या एका लांब प्रसंगासाठीच तिकीट वसूल. गियेर्मो देल तोरोचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ नोव्हेंबर २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. जेकब एलॉर्डीने केलेला जीव हळवा आणि सुंदर आहे, पण देखावे इतके सजवलेले की काळोखाला जागाच राहिलेली नाही.

दोन्ही ‘नोस्फेरातू’ बघणार असाल तर आधी मूकपट, रंगवलेल्या प्रतीत, आणि मध्ये एखादा दिवस जाऊ द्या. नव्याला लहान मुलांना अजिबात नेऊ नका. प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र नग्नतेपुरतं नाही. हार्डिंगच्या घरात रात्री जे घडतं ते मोठ्यांनाही सोसायला जड आहे, आणि उंदरांची किळस असेल तर उत्तरार्धात वीसेक मिनिटं तुम्हाला डोळे झाकूनच बसावं लागेल.