जुने दृश्य पुन्हा टिपण्यासाठीचे ॲप: वर्षभराच्या वापरानंतर

एकच निसर्गदृश्य काही वर्षांच्या अंतराने नेमके त्याच जागेवरून पुन्हा टिपण्यासाठी मी वर्षभर एक मोबाइल ॲप वापरत आहे. जुने छायाचित्र कॅमेऱ्याच्या पडद्यावर अर्धपारदर्शक करून दाखवणे हे त्याचे मुख्य काम, आणि तेवढे ते चोख करते.

तक्रार आहे ती पुढच्या टप्प्याबद्दल. दोन दृश्ये जुळत नसली की हे ॲप झूम करायला सुचवते. झूमने चौकट फक्त लहान-मोठी होते. जवळच्या व दूरच्या वस्तू एकमेकींच्या संदर्भात कुठे दिसतील, हे केवळ आपण उभे असलेल्या जागेवरून ठरते. बारा वर्षांपूर्वी मीच काढलेल्या एका छायाचित्रात पुढच्या खडकाचे टोक मागच्या खिंडीत बरोबर बसले होते. ॲपने क्षितिज जुळल्याची हिरवी खूण दाखवली, तरी टोक खिंडीच्या डावीकडे आणि किंचित खाली दिसत होते. जीपीएसचाही उपयोग नव्हता, कारण त्याची चूक काही मीटरची आणि इथला प्रश्न वितीचा. शेवटी छापील प्रत हातात घेऊन दोन पावले डावीकडे सरकलो, गुडघे टेकले, आणि टोक जागेवर आले. तेव्हा मी बसून फोटो काढला होता, हे मला त्या क्षणी कळले.

अमेरिकन छायाचित्रकार मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ ते १९७९ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातील एकोणिसाव्या शतकातली शंभराहून अधिक सर्वेक्षण-छायाचित्रे पुन्हा टिपली, तेव्हा त्यांचा भर जवळच्या-दूरच्या वस्तूंमधल्या अशाच अंतरांच्या मोजमापांवर होता. ॲपमध्ये जवळचा आणि दूरचा असे दोन बिंदू निवडून त्यांची तुलना करण्याची सोय असती, तर माझा अर्धा तास वाचला असता.

मूळ तारीख जवळ आली की ॲप आठवण करून देते, ही सोय मात्र मोलाची आहे. अलास्कातील म्यूर हिमनदीची १९४१ आणि २००४ मधली प्रसिद्ध जोडी दोन्ही वेळा ऑगस्टमध्येच टिपलेली असल्यामुळे तिच्यात दिसणारा फरक ऋतूचा आहे, अशी शंका उरत नाही. पण आठवण फक्त तारखेची येते, वेळेची नाही, आणि सकाळची सावली दुपारी जुळवता येत नाही.

जोडचित्र तयार करताना ॲप मूळ चित्राच्या कडा न विचारता कापते. ती सोय मी बंद ठेवली आहे.